वीजपुरवठ्याचे नवे तंत्र आणि आपले घर

(ज्ञातिसंघाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



संमेलनाच्या दुसऱ्या दिवशी, तेही भोजनोत्तर, विजेच्या तारांवर व्याख्यान ऐकावयाचे म्हणजे श्रोत्यांच्या सहनशीलतेची कसोटीच होय. चिटणीसांनी हा विषय सुचविला तेव्हा आम्ही त्यांस तसे स्पष्ट सांगितलेही होते. तथापि त्यांचा आग्रह निष्कारण नव्हता. गेल्या वर्षी आपल्या इमारतीतील विजेचे मीटर बदलण्यात आले आणि त्यानंतर आलेल्या बिलांवरून कार्यकारी मंडळात जो वाद माजला, तो आपणांपैकी पुष्कळांच्या कानांवर आलेलाच आहे. त्या वादात एका गरीब माणसाचे नाव विनाकारण गोवले गेले. त्याविषयी आम्हांस शेवटी बोलावयाचे आहे. किंबहुना तेवढ्यासाठीच आम्ही हे निमंत्रण स्वीकारले. परंतु वीज आपल्या घरापर्यंत कशी येते आणि हल्ली तिच्या वाटेवर काय फेरफार चालले आहेत, हे सांगितल्यावाचून त्या गोष्टीचा उलगडा व्हावयाचा नाही. सबब आपण थोडा धीर धरावा.

आमचे आयुष्य वीजपुरवठ्याच्या नोकरीत गेले. १९७८ साली कनिष्ठ अभियंता म्हणून लागलो, २०१२ साली निवृत्त झालो. संस्थेचे नाव येथे घेण्याचे प्रयोजन नाही. त्या काळी सर्वत्र रीत एकच होती. कोयनेच्या पाण्यावर अथवा कोराडी-चंद्रपूरच्या कोळशावर निर्माण झालेली वीज उंच मनोऱ्यांवरून लाखो व्होल्टांच्या दाबाने येते. उपकेंद्रात तो दाब उतरवून ३३ हजार, पुढे २२ किंवा ११ हजार व्होल्टांवर आणतात. तेथून निघणाऱ्या तारमार्गास आम्ही वाहिनी म्हणतो. वाहिनी गावोगाव फिरते, आणि आपण ज्यास ‘डीपी’ म्हणतो त्या ठिकाणच्या रोहित्रात दाब पुन्हा उतरून २३० व्होल्टांची वीज घरात येते. ही रचना शंभर वर्षांत फारशी बदललेली नाही. मुंबईत १९०७ च्या मे महिन्यात विजेची पहिली ट्राम धावली, तेव्हाच्या इंजिनियरास आजचे उपकेंद्र दाखविले तर बहुतेक वस्तू तो ओळखील.

मात्र या रचनेत एक मोठे वैगुण्य होते. उपकेंद्राच्या भिंतीपलीकडे आम्ही आंधळे होतो. आतमध्ये ऑपरेटर दर तासाला काट्यावरचा आकडा वहीत उतरवून ठेवी. वाहिनी एकदा फाटकाबाहेर पडली की वीस-तीस किलोमीटरच्या प्रवासात तिचे काय झाले, कोठे फांदी टेकली, कोणत्या रोहित्रातले तेल गळाले, कोणी कोठे आकडा टाकला, यांतले काहीही आम्हांस कळत नसे. दूर सासरी दिलेल्या मुलीची खुशाली जशी पत्र आल्यावाचून कळत नसे, तशी आमची गत होती. आणि आमच्याकडे येणारी पत्रे म्हणजे ग्राहकांच्या तक्रारी. ‘आमच्याकडे वीज गेली’ हे संस्थेस ग्राहकाने सांगावयाचे! दुसरा कोणता धंदेवाईक आपल्या दुकानात माल आहे की नाही हे गिऱ्हाइकास विचारून ठरवितो?

बिघाड शोधण्याची पद्धतही आंधळ्याच्या काठीसारखीच होती. वाहिनी बंद पडली की लाइनमन सायकलवर निघे. मध्यावरच्या खांबावरील स्विच उघडावयाचा आणि उपकेंद्रात वाहिनी सुरू करून पाहावयाची. टिकली तर दोष पलीकडच्या अर्ध्यात, पुन्हा पडली तर अलीकडच्या. मग त्या अर्ध्याचे अर्धे. पावसाळ्याच्या रात्री, चिखलातून, हातात विजेरी घेऊन असे आठ-आठ तास चालणारी माणसे आम्ही पाहिली आहेत. त्यांच्याबरोबर चाललोही आहोत. गावात मात्र लोक म्हणत, ‘वायरमन झोपला असेल.’

१९८६ सालच्या गौरी-गणपतीतील एक रात्र आम्हांस विसरता येत नाही. वाऱ्याने एका गावाबाहेर खांब कलंडला होता. उपकेंद्रात स्विच बंद करून, तसे परमिट रीतसर वहीत लिहून, आमचा एक हेल्पर पलीकडच्या खांबावर चढला. वर चढण्यापूर्वी तारा जमिनीशी जोडावयाची साखळी गाडीत पडून होती. घाईत ती वापरली गेली नाही. आमच्या हिशेबाने तार मेलेली होती. परंतु गावात वीज गेल्यामुळे मंडळाच्या पोरांनी आरतीसाठी जनित्र सुरू केले आणि ते सरळ त्याच जोडणीत दिले. रोहित्र उलट बाजूनेही काम करते, ही गोष्ट त्या पोरांस ठाऊक असण्याचे कारण नव्हते. जनित्राची ती थोडी वीज उलटी चढत गेली आणि वरच्या तारांत ११ हजार व्होल्ट झाली. हेल्पर पंचवीस वर्षांचा होता. खाली लाउडस्पीकरवर आरती चालू होती, आणि ती बंद करावयास सांगण्यासाठी माणूस धावत जाईपर्यंत सारे संपले होते.

चौकशी झाली. साखळी न वापरल्याचा दोष मृताच्या माथी गेला. आम्ही त्या अहवालावर सही केली. आज इतक्या वर्षांनी असे वाटते की, अहवालात एक वाक्य लिहावयाचे राहून गेले : आमच्या तारांत कोण, कोठून वीज घालीत आहे हे आम्हांस पाहता येत नव्हते.

आता नव्या तंत्राकडे वळू. त्यास ‘स्मार्ट’ असे म्हणतात. आमच्या लहानपणी इस्त्रीची विजार घालणाऱ्या मुलास स्मार्ट म्हणत. आता मीटरास म्हणतात. शब्द कसाही असो, त्यामागील कल्पना साधी आहे. वाहिनीच्या वाटेवर जागोजागी पाहणारी आणि सांगणारी उपकरणे बसवावयाची, आणि जेथे शक्य असेल तेथे स्वतः स्विच उघडणारी-मिटणारीही.

अमेरिकेत टेनेसी प्रांतात चॅटनूगा नावाचे एक शहर आहे. तेथील वीजपुरवठा १९३५ साली स्थापन झालेली नगराच्या मालकीची संस्था पाहते. २००९ नंतर केंद्र सरकारकडून मिळालेल्या सुमारे ११ कोटी डॉलरांच्या साहाय्याने तिने आपल्या वाहिन्यांवर सुमारे १२०० स्वयंचलित स्विच बसविले व ते काचतंतूंच्या तारेने एकमेकांस जोडले. झाड पडून एका जागी दोष झाला की त्या जागेच्या दोन्ही बाजूंचे स्विच उघडतात, दोषाचा तुकडा वेगळा पडतो, आणि पलीकडच्या लोकांस दुसऱ्या वाहिनीवरून वीज मिळते. सारे काही क्षणांत. आमचा लाइनमन जे आठ तास चिखलातून करी तेच हे, तीच अर्ध्या-अर्ध्याची युक्ती. २०१२ च्या जुलैमध्ये तेथे मोठे वादळ झाले, तेव्हा या व्यवस्थेमुळे पुरवठा एरवीपेक्षा सुमारे १७ तास आधी पूर्ववत झाला असा हिशेब पुढे प्रसिद्ध झाला आहे. तुटलेली तार जोडावयास मात्र तेथेही माणूसच खांबावर चढला. फरक इतकाच की, कोणत्या खांबावर चढावयाचे हे त्यास घरून निघतानाच ठाऊक होते.

आपल्याकडेही मोठ्या शहरांत हे काम सुरू होऊन बरीच वर्षे झाली. केंद्र सरकारने २००८ साली जी सुधारणा-योजना आखली तीत वाहिन्यांचे व रोहित्रांचे नकाशे संगणकावर चढविणे, कोणता ग्राहक कोणत्या रोहित्रावर आहे याची यादी करणे आणि उपकेंद्रांतील स्विच दूरच्या नियंत्रण-कक्षातून चालविणे ही कामे होती. यादी करणे ऐकावयास किरकोळ वाटते. आमच्या मते सर्वांत मोलाचे काम तेच. कोण कोणाच्या पंगतीत बसला आहे हेच ठाऊक नसेल तर वाढप्याने वाढावयाचे कसे, आणि अन्न कोठे सांडले हे शोधावयाचे कसे?

अन्न सांडण्याचा हा प्रश्न महाराष्ट्रास चांगलाच भोवलेला आहे. राज्य वीज मंडळ २० जून १९६० रोजी स्थापन झाले आणि ६ जून २००५ रोजी त्याच्या चार कंपन्या झाल्या. वितरण महावितरणकडे आले. त्यानंतरची भारनियमनाची वर्षे आपण सर्वांनी अंधारात बसून काढली आहेत. त्या काळात एक नवी गोष्ट झाली. ज्या भागात गळती व थकबाकी कमी त्यास कमी तास अंधार, जेथे अधिक तेथे अधिक, असे गट पाडले गेले. आपल्या वाहिनीचा हिशेब आपल्या घरच्या दिव्याशी बांधलेला आहे, हे लोकांस प्रथमच समजले. शेजाऱ्याच्या आकड्यामुळे प्रामाणिक माणसास अंधार का, हा प्रश्न तेव्हा रास्तपणे विचारला गेला; त्याचे समाधानकारक उत्तर कोणी दिल्याचे आमच्या स्मरणात नाही.

भिवंडीचे उदाहरण याच वर्षांतले. यंत्रमागांचे ते गाव. तेथे दिलेल्या विजेपैकी निम्म्याहून अधिक विजेचे पैसेच येत नसत. जानेवारी २००७ पासून तेथील वितरण टोरेंट या खासगी कंपनीकडे सोपविण्यात आले आणि चार-पाच वर्षांत ही तूट वीस टक्क्यांच्या आसपास आली. त्या वेळी ‘स्मार्ट’ मीटरांचा बोलबाला नव्हता. रोहित्रागणिक हिशेब, जुने मीटर बदलणे, वाचन वेळेवर आणि सर्वांचे, इतकेच. हे सांगण्याचे कारण असे की, यंत्र विकणारे सांगतात तसा सारा चमत्कार यंत्रात नसतो.

मग नवा मीटर अधिक काय करतो? जुन्या मीटरात ॲल्युमिनियमची चकती फिरे. वयोमानाने ती मंदावे, आणि एखादाच दिवा चालू असला तर कित्येकदा जागची हालतही नसे. ती मंदावल्यामुळे ग्राहकाचा फायदा होई आणि तो त्याच्या अंगवळणी पडे. चकती जाऊन इलेक्ट्रॉनिक मीटर आले तेव्हाही ‘मीटर पळतो’ अशी ओरड झाली होती. पुष्कळ ठिकाणी आधीचा लंगडत होता, इतकेच. स्मार्ट मीटर याही पुढे जातो. दर पंधरा किंवा तीस मिनिटांची नोंद तो ठेवतो व ती कार्यालयाकडे पाठवितो. वीज गेली तर प्राण जाता जाता एक निरोप पाठवून जातो. झाकण उघडले, लोहचुंबक लावला, तर चहाडी करतो. छपरावरच्या सौर पट्ट्यांची वीज बाहेर गेली तर तीही मोजतो. आणि दुरून आज्ञा आली तर तो पुरवठा तोडूही शकतो.

इटलीत एनेल या कंपनीने २००१ ते २००६ या काळात सुमारे ३ कोटी असे मीटर बसविले. जगात एवढ्या प्रमाणावर हे प्रथम तेथे झाले. तेथे बहुतेक घरांस ३ किलोवॉटची मर्यादा असते. ती वाढविणे, जोडणी देणे-तोडणे, वाचन घेणे यांसाठी दारोदार माणूस पाठविण्याचा खर्च मोठा होता. तो त्यांनी विजेच्याच तारांतून निरोप धाडून वाचविला. आपल्याकडे २०२१ साली केंद्र सरकारने जी योजना मंजूर केली ती ३ लाख कोटी रुपयांहून अधिक खर्चाची असून तीत २५ कोटी मीटर बदलण्याचे लक्ष्य होते, तेही आगाऊ पैसे भरण्याचे. येथेच माशी शिंकली. महाराष्ट्रात २०२४ साली ठिकठिकाणी मोर्चे निघाले, आणि त्या वर्षीच्या जून महिन्यात सामान्य ग्राहकांस प्रीपेड मीटर लावणार नाही असे राज्य सरकारला जाहीर करावे लागले. पुढे बिल नेहमीप्रमाणे मागाहून येईल अशा मीटरांचे काम सुरू झाले, आणि १ जुलै २०२५ पासून ते मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांस सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील वापरावर सवलत लागू झाली. त्या वर्षासाठी ती प्रतियुनिट ८० पैसे होती. कारण उघड आहे. दुपारी सूर्याची वीज मुबलक असते, सायंकाळी सात वाजता ती नसते, आणि आपण सारे दिवे, पंखे, दूरदर्शन संच नेमके तेव्हाच लावतो. ज्या भगिनी दळण, इस्त्री, धुणे दुपारी उरकतात त्यांनी ही सवलत आपल्या बिलावर शोधून पाहावी.

लोकांचा विरोध अडाणीपणाचा होता असे म्हणण्याची एक शिष्ट पद्धत आहे. आम्ही ती मानीत नाही. आगाऊ पैसे देऊन आणलेल्या सुविधेतला पैसा संपताच मध्यरात्री अंधार होईल, ही भीती ज्यांच्या घरी महिनाअखेर असते त्यांस खरीच वाटणार. दुसरी भीती नोकरीची. आपल्या ज्ञातीतील कितीतरी तरुण मीटरवाचनाच्या कंत्राटी कामावर आहेत. दारोदार फिरून मीटरचे छायाचित्र घेण्याचे ते काम नव्या मीटरांबरोबर जाणार, यात संशय नाही. त्यांस खोटा धीर देण्यात अर्थ नाही. परंतु मीटर, स्विच, रोहित्रांवरील संवेदक हे बसविणारे, तपासणारे आणि बिघडल्यावर दुरुस्त करणारे हात लागणारच आहेत. आपल्या शिष्यवृत्ती-निधीतून गेली दहा वर्षे एकाही मुलास आयटीआयच्या वीजतंत्री किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या अभ्यासक्रमासाठी साहाय्य दिले गेलेले नाही. सारी रक्कम पदवीधरांस जाते. हे आम्ही गेल्या सभेतही बोललो होतो, आज पुन्हा बोलतो.

तिसऱ्या एका धोक्याची मात्र मोर्चांत फारशी चर्चा झाली नाही. जे दुरून बंद करता येते ते दुसराही कोणी बंद करू शकतो. २३ डिसेंबर २०१५ रोजी युक्रेनमध्ये तीन वितरण कंपन्यांच्या संगणकांत परक्यांनी शिरकाव केला. ऑपरेटर समोर बसले असताना पडद्यावरचा बाण आपोआप हलू लागला व एकामागून एक उपकेंद्रे बंद पडत गेली. सुमारे सव्वादोन लाख ग्राहक ऐन हिवाळ्यात अंधारात गेले. काही तासांत पुरवठा परत आला तो कसा? माणसे गाड्या घेऊन उपकेंद्रांत गेली आणि त्यांनी हाताने स्विच लावले. त्यांच्याकडे ते जुने हँडल होते, आणि ते फिरवावयाचे कसे हे ठाऊक असलेली माणसेही होती. आमच्या निवृत्तीच्या सुमारास एका तरुण अधिकाऱ्याने ‘आता या वयस्क लाइनमन मंडळींचा उपयोग काय?’ असे आम्हांस विचारले होते. त्या वेळी आम्हांस उत्तर सुचले नाही.

छपरावरच्या सौर विजेविषयी दोन शब्द. फेब्रुवारी २०२४ मध्ये एक कोटी घरांसाठी केंद्राची योजना सुरू झाली आणि आपल्यापैकी काहींनी पट्ट्या बसविल्याही आहेत. याचा अर्थ असा की, जे १९८६ साली त्या गावातल्या जनित्राने चुकून केले, तारांत उलट बाजूने वीज सोडली, ते आता दररोज दुपारी हजारो छपरे करणार आहेत. म्हणूनच बाहेरची वीज जाताच त्या यंत्राने तत्काळ स्वतःला बंद करावे असा नियम आहे. ‘वीज गेली की आमचे सौर यंत्रही बंद कसे पडते?’ अशी तक्रार आम्हांकडे घेऊन येणाऱ्यांस आम्ही एवढेच सांगतो की, त्या क्षणी खांबावर कोणाचा तरी मुलगा चढलेला असतो. त्या व्यवस्थेशी खेळ करून, स्थानिक कारागिराकडून ‘जुगाड’ करवून घेऊ नका. आमचे एवढे ऐकाच.

आता आपल्या वास्तूची हकीकत.

आपल्या इमारतीत वरच्या मजल्यांवर वसतिगृह आणि तळमजल्यावर वाचनालय. दोहोंचे मीटर वेगळे. मीटर बदलल्यानंतर वसतिगृहाचे बिल किंचित वाढले. परंतु वाचनालय, जे सायंकाळी केवळ तीन तास उघडते, त्याचा वापर महिन्याला ४०-४५ युनिटांवरून एकदम २१० वर गेला. पुरवठादाराच्या कार्यालयात आपला अर्ज गेला. ‘मीटर तपासला, बरोबर आहे,’ असे एका ओळीचे उत्तर आले. मग कार्यकारी मंडळात तर्क सुरू झाले. मीटर बरोबर असेल तर वीज कोणीतरी वापरीतच असला पाहिजे. वाचनालयाच्या किल्ल्या असतात कोणाजवळ? रखवालदाराजवळ. रात्री तो आत शेगडी लावीत असावा, असे एक सभासद म्हणाले. दुसऱ्यांनी त्यास पाठिंबा दिला. रखवालदाराने देवाची शपथ घेतली. त्याच्या पगारातून तीन महिने रक्कम कापण्याचे ठरले आणि किल्ल्या काढून घेण्यात आल्या. त्या सभेस आम्ही हजर होतो. विजेच्या धंद्यात चौतीस वर्षे काढलेला मनुष्य म्हणून आम्हांस विचारण्यात आले, आणि आम्ही मान डोलावली. ही गोष्ट इतिवृत्तात नाही, म्हणून येथे सांगितली पाहिजे.

किल्ल्या काढून घेतल्यानंतरच्या महिन्यातही बिल २०८ युनिटांचे आले. तेव्हा आम्हांस झोप लागेना. आमच्या नातवाने भ्रमणध्वनीवर त्या मीटरच्या अर्ध्या-अर्ध्या तासाच्या नोंदी काढून दाखविल्या. वाचनालय बंद, कुलूप चिटणीसांच्या घरी, आणि रात्री दोन वाजता मीटर चालू! दिवे लागावेत तशी सायंकाळी साडेसहाला रेघ वर चढे, पहाटे उतरे. मध्ये मध्ये यंत्र सुरू-बंद व्हावे तसे तिला उंचवटे. वसतिगृहाच्या मीटरवर पाहिले, तर तेच उंचवटे, त्याच वेळी.

दुसऱ्या दिवशी आम्ही वाचनालयात जाऊन मेन स्विच बंद केला. वरून मुलांचा ओरडा आला : जिन्यातले दिवे गेले. स्विचशेजारच्या भिंतीवर खडूने लिहिलेली, अर्धवट पुसलेली एक ओळ होती, ‘हा मेन बंद करू नये, जिन्यात अंधार होतो.’ ती तेथे कैक वर्षे असावी. आम्ही तिच्यापुढून शेकडो वेळा गेलो होतो.

झाले होते ते असे. जिन्यातले व बोळातले दिवे आणि पिण्याच्या पाण्याचे थंड यंत्र यांची एक तार वसतिगृहाच्या मीटरमधून घेतलेली, आणि परतीची तार, जीस न्यूट्रल म्हणतात ती, जवळ पडते म्हणून वाचनालयाच्या मीटरला जोडलेली. हे काम पूर्वी ज्ञातीतल्याच एका कारागिराकडून सवलतीत करून घेतले होते; सवलत अशी फळाला आली. जुना चकतीचा मीटर केवळ जाणारी वीज मोजी, म्हणून हा वापर एकदाच मोजला जाई. नवा मीटर जाणारी व परतणारी अशा दोन्ही तारांवर लक्ष ठेवतो आणि दोहोंत तफावत दिसली तर चोरीचा संशय धरून मोठी असेल ती मोजतो. त्यामुळे एकच वीज वसतिगृहाच्या मीटरने जाताना मोजली आणि वाचनालयाच्या मीटरने परतताना. आपण दुप्पट पैसे भरीत होतो. मीटर बरोबर होता. रखवालदारही बरोबर होता. चूक आपल्या तारांची होती.

तथापि एक गोष्ट आम्ही कार्यालयात जाऊन सांगितली आणि येथेही सांगतो. रात्री दोन वाजताची ती रेघ त्यांच्याजवळ आमच्या आधीपासून होती. दोन तारांतली तफावत मीटरने त्यांस कळविलेलीही असणार. ‘आपल्या वायरिंगमध्ये दोष दिसतो, तपासून घ्या,’ एवढा निरोप कोणी दिला असता तर एका माणसाचे तीन महिन्यांचे पैसे आणि अब्रू वाचली असती. आम्ही ज्या काळी नोकरी केली तेव्हा आम्हांस दिसतच नव्हते. आता दिसते, पण पाहावयास कोणी बसविलेले नाही. ग्राहकहक्कांचे जे नियम केंद्राने २०२० साली केले त्यांत फेब्रुवारी २०२४ मध्ये दुरुस्ती झाली आहे. वापराशी वाचन जुळत नाही अशी तक्रार केल्यास पाच दिवसांत जोडीला दुसरा मीटर लावून किमान तीन महिने पडताळा घ्यावा, असे तीत म्हटले आहे. आपल्या अर्जात आम्ही ते मागितलेच नव्हते, कारण नियम वाचला नव्हता. ज्यांच्या घरी असा वाद असेल त्यांनी लेखी मागावे, आणि अर्ध्या तासाच्या नोंदी स्वतः पाहाव्यात. त्या पाहावयास इंजिनियर लागत नाही. आमचा नातू नववीत आहे.

वाचनालयाची परतीची तार गेल्या महिन्यात वेगळी करून घेतली. त्यानंतरचे बिल ४७ युनिटांचे आले. कापलेली रक्कम रखवालदारास परत देण्याचा ठराव कार्यकारी मंडळाने एकमताने केला. त्यातील ‘चुकीने कापलेली’ हे शब्द इतिवृत्तात घालावेत एवढी आमची विनंती होती व ती मान्य झाली. किल्ल्या त्याच्याकडे परत गेल्या आहेत. तो आज येथेच, मागच्या दाराशी उभा आहे, आणि सभेपुढे त्याची क्षमा मागण्याची परवानगी आम्ही अध्यक्षांकडून आधीच घेतली होती. ती आम्ही आता मागतो.

दुप्पट मोजलेल्या युनिटांविषयीचा आमचा दुसरा अर्ज पुरवठादाराकडे आहे. त्याचे उत्तर अद्याप आलेले नाही.